पाठ केलेले निबंध, उसने विचार

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि महाराष्ट्रभर पेढे वाटले गेले. ते वाटायलाच हवे होते. पुढे २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा शिकवावी की नाही, या प्रश्नावर राज्य ढवळून निघाले. शासननिर्णय निघाले, त्यांत दुरुस्त्या झाल्या, २९ जून २०२५ रोजी ते मागे घेण्यात आले आणि प्रघाताप्रमाणे समितीही जाहीर झाली. मोर्चे, प्रतिमोर्चे, चर्चासत्रे, अग्रलेख, सारे यथासांग पार पडले. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र कोणालाही विचारावासा वाटला नाही. जी पहिली भाषा आहे, जिच्यात मूल रडते, रुसते, हट्ट करते आणि स्वप्ने पाहते, त्या मराठीत महाराष्ट्रातील आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या मनातील एक पानभर मजकूर, कोठूनही न उतरवता, लिहिता येतो काय?

प्रश्न अप्रिय आहे, कारण त्याचे उत्तर प्रत्येक मराठीच्या शिक्षकाला ठाऊक आहे. सराव परीक्षेचे गठ्ठे तपासताना ‘माझी आई’ या विषयावरील साठ निबंधांत साठ मुलांची आई एकच असते. ती पहाटे उठते, सडासंमार्जन करते, देवपूजा करते, सर्वांना गरम नाश्ता देते आणि रात्री सर्वांच्या शेवटी झोपते. तिची तुलना न चुकता चंदनाशी होते. बीड जिल्ह्यातील ज्या मुलाची आई दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बापाबरोबर उसाच्या फडावर जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडी परतते, तोही हीच आई लिहितो. मुंबईच्या उपनगरात जिची आई पहाटेची लोकल पकडून दोन घरची धुणीभांडी करते, तीही हीच आई लिहिते. फडावरच्या आईची आठवण, तिच्या हाताला पडलेले घट्टे, आजीजवळ काढलेले सहा महिने, हे त्या मुलापाशी असलेले अस्सल धन. ते सोडून तो गाईडमधली परकी आई उत्तरपत्रिकेत आणून बसवतो. आपली आई लिहिण्याजोगी नाही, आपले जगणे कागदावर येण्याच्या योग्यतेचे नाही, हा धडा त्याला कोणी दिला? शाळेने दिला. तोही दहा वर्षे, नेमाने, गुण देऊन.

‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’, ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘मी पंतप्रधान झालो तर’ या विषयांचीही तीच गत. पंतप्रधान झालेला प्रत्येक विद्यार्थी दुसऱ्या परिच्छेदात भ्रष्टाचार समूळ नष्ट करतो आणि तिसऱ्यात बेकारी. सैनिकाचे आत्मवृत्त लिहिणारी मुले एकाच तुकडीतील एकाच सैनिकाची असतात आणि तो सैनिक एकाच ठिकाणी, एकाच वाक्यात जखमी होतो. देशभक्तीही पाठ केलेली! ज्या विषयावर मुलाच्या अंतःकरणातून शब्द उमटावेत अशी राष्ट्रीय विचारांच्या प्रत्येक माणसाची अपेक्षा असते, त्या विषयावरही मूल बाजारातून विकत आणलेले शब्द लिहिते आणि आपण त्याला दहापैकी आठ गुण देऊन कृतार्थ होतो.

शुद्धलेखन नावाची नक्कल

शासनाने काही केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. माध्यमिक शालान्त परीक्षेत प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली, ती मुलांनी स्वतः विचार करून लिहावे याच हेतूने. दहावीच्या मराठीच्या ऐंशी गुणांपैकी चोवीस गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र, बातमी, जाहिरात, कथा, प्रसंगलेखन असा त्याचा विस्तार आहे. कागदावर यात खोट काढायला जागा नाही. परंतु कृतिपत्रिका येताच बाजारात कृतिपत्रिकांचे संच आले, बातमीचा साचा आला, जाहिरातीची चौकट आली, आणि ‘स्वमत’ या प्रश्नाचे तयार उत्तरही छापून आले. स्वमत म्हणजे स्वतःचे मत. ते पाठ करून घेण्याचा पराक्रम जगाच्या पाठीवर अन्यत्र क्वचितच कोणी केला असेल.

याचे मूळ दहावीत नाही, पहिली-दुसरीत आहे. आपल्या शाळांत ‘शुद्धलेखन’ या शब्दाचा रूढ अर्थ काय? पुस्तकातील दहा ओळी वहीत उतरवणे. रोज दहा ओळी, सुट्टीत वीस, शिक्षा म्हणून पन्नास. अक्षर वळणदार व्हावे म्हणून ती सवय जरूर लावावी, परंतु त्यालाच लेखन समजण्याची चूक पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. मग पाचवीत फळ्यावरची उत्तरे उतरवणे येते, आठवीत शिक्षकाने सांगितलेली उत्तरे उतरवणे येते, दहावीत गतवर्षीच्या विद्यार्थ्याची विज्ञानाची प्रयोगवही उतरवणे येते. प्रयोग झाला नसला तरी निरीक्षणे येतात आणि निष्कर्षही बरोबर निघतो. असत्यकथनाचे हे पद्धतशीर प्रशिक्षण परीक्षकाच्या साक्षीने पार पडते आणि त्याच शाळेच्या भिंतीवर ‘सत्यमेव जयते’ रंगवलेले असते. प्रकल्पाचे तर बोलायलाच नको. तो आईवडील रात्री जागून करतात, किंवा शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणतात.

शिक्षकही या चक्रातून सुटलेला नाही. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीविषयी शिक्षकाने वर्णनात्मक नोंदी कराव्यात, ही त्यातली कल्पना उत्तम होती. एखाद्या आजोबांनी नातवाविषयी लिहावे तसे शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्याविषयी लिहावे! प्रत्यक्षात घडले ते असे की वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या निघाल्या आणि गुरुजी त्या यादीतून ‘आत्मविश्वासाने बोलतो’, ‘सुंदर हस्ताक्षर काढते’ अशी वाक्ये उचलून पटावरील नावांपुढे भरू लागले. ज्याला स्वतःच्या विद्यार्थ्याविषयी स्वतःचे दोन शब्द लिहिण्याची उसंत व्यवस्था देत नाही, त्याने मुलांना स्वतःचे शब्द लिहायला कसे शिकवावे?

मध्यंतरी पाठ्यपुस्तकांत कोऱ्या पानांचा प्रयोग झाला. २०२३-२४ पासून धड्यागणिक कोरी पाने जोडण्यात आली. मुलांनी तेथे स्वतःच्या नोंदी कराव्यात आणि दप्तराचेही ओझे उतरावे, असा उद्देश होता. अपेक्षित उपयोग होत नाही असे दिसल्यावर जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय गुंडाळण्यात आला. या घटनेवर विनोद पुष्कळ झाले. तिचा अर्थ मात्र कोणी लावला नाही. कोरे पान पुढे आले की त्यावर काय करायचे, हे ज्या मुलाला कोणी कधी शिकवलेच नाही, त्याने ते कोरेच ठेवले. दोष पानाचा नव्हता.

‘असर’चे सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भारतातील मुलांचे वाचन आणि गणित तपासत आले आहे. २०२४ च्या अहवालात पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या स्तराचा उतारा वाचता आला नाही, यावर वृत्तपत्रांनी मथळे दिले. त्या चाचणीचा गाभा वाचन आणि अंकगणिताचा आहे. लेखन त्यात मोजलेच जात नाही. ज्याचे मोजमाप होत नाही त्याची चिंता कोणी करत नाही, हा सरकारी कारभाराचा जुना नियम आहे.

मेकॉलेवर किती दिवस ढकलणार?

अशा प्रसंगी राष्ट्रीय वर्तुळात एक नाव हमखास निघते ते मेकॉलेचे. २ फेब्रुवारी १८३५ च्या त्याच्या टिपणाने या देशातील शिक्षणाचा कणा मोडला, हे खरे. एतद्देशीय वाङ्मयाविषयी त्याने दाखवलेला तुच्छताभाव कोणत्याही स्वाभिमानी माणसाला संताप आणणारा आहे. परंतु त्याच मेकॉलेच्या तोंडी एक लांबलचक अवतरण वर्षानुवर्षे घातले जाते. ‘मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी दिसला नाही’ अशा आशयाचे, आणि ब्रिटिश संसदेत केलेल्या भाषणातले म्हणून. त्याच्या टिपणात ते नाही, आणि त्या दिवशी तो संसदेत नव्हता, हिंदुस्थानात होता. तरीही हे अवतरण बौद्धिकांत येते, स्मरणिकांत छापले जाते, भ्रमणध्वनीवरून रोज फिरते. ते पुढे पाठवणारे कार्यकर्ते प्रामाणिक असतात. त्यांना शाळेत कोणी कधी विचारले नाही, की हे वाक्य तू कोठून घेतलेस? मूळ कागद पाहिलास का? उतरवण्याची सवय लागलेले मन विचारांच्या बाबतीतही उतरवूनच घेते, आणि मग प्रतिपक्षाच्या हाती आयते कोलीत मिळते. मेकॉलेची खरी वाक्ये पुरेशी संतापजनक असताना खोट्यांची गरज काय?

खरे तर, लेखनशिक्षणाच्या बाबतीत आपल्याला परक्याकडे तोंड वेंगाडण्याचे कारणच नव्हते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिला आहे. मोक्षमार्ग सांगणारा संत अक्षर कसे वाटोळे काढावे, ओळींत अंतर कसे राखावे, पानाच्या कडा कशा मोकळ्या सोडाव्यात, काना-मात्रा कशा नेमक्या असाव्यात हे तपशिलाने सांगतो. ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच बैठकीत, एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे, ही त्यांची कसोटी. राष्ट्र उभे करणाऱ्याला लेखन ही किरकोळ बाब वाटली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने आपल्या पाठशाळांतील मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना आणि मोठी मुले धाकट्यांना शिकवताना पाहिली. ती पद्धत त्याने आपल्या अनाथालयात आणली, १७९७ मध्ये तिच्यावर पुस्तिका छापली आणि तीच पुढे इंग्लंडच्या शाळांत पसरली. धरमपाल यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्या काळच्या देशी शिक्षणाचा पट कागदपत्रांनिशी मांडला आहे. धूळपाटी आपली होती. तिच्यावर काय लिहायचे, ते आपण विसरलो.

मराठीतील विद्यार्थिलेखनाचे सर्वांत तेजस्वी उदाहरण शोधायचे तर १८५५ सालापर्यंत मागे जावे लागते. महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेतील मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तिच्यापुढे गाईड नव्हते. आपल्या लोकांना कसे हाकलले जाते, त्यांच्या बायकांना बाळंतपणात छप्परही कसे मिळत नाही, ते तिने पाहिले होते, आणि पाहिलेले लिहिले. तिने धर्माला विचारलेले प्रश्न सामाजिक समरसतेचे व्रत घेतलेल्या कार्यकर्त्याला आजही बोचतात, बोचलेच पाहिजेत. तो निबंध छापला ‘ज्ञानोदया’ने, म्हणजे मिशनऱ्यांच्या पत्राने. हिंदू समाजाच्या एका लेकीचा आक्रोश छापण्याचे श्रेय मिशनऱ्यांना मिळाले, याची खंत ज्यांना वाटते त्यांनी आज आपल्या संस्थेच्या वार्षिक अंकात वस्तीवरच्या मुलीचा लेख किती पानांवर असतो आणि विश्वस्तांची छायाचित्रे किती पानांवर असतात, ते मोजून पाहावे.

पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर या शाळामास्तराने १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. सात वर्षे, चौऱ्याऐंशी अंक. इंग्रजी शिकलेल्या पिढीला स्वभाषेत वाद घालता येतो, टीका करता येते, हे या माणसाने दाखवून दिले. सरकारी नोकरी सोडून त्यांनी १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढले, ते टिळकांना सोबत घेऊन. पाठोपाठ आगरकर आले आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला. शाळा आणि लेखणी एकाच घरातून निघाली, हा महाराष्ट्राच्या राष्ट्रीय चळवळीचा आरंभ आहे. आणि स्वातंत्र्यवीर सावरकर? अंदमानच्या कोठडीत कागद नाही, लेखणी नाही. तर खिळ्यांनी, काट्यांनी भिंतीवर ओळी कोरल्या, पाठ केल्या आणि स्मरणात साठवून बाहेर आणल्या. त्यांनी पाठ केले ते स्वतःचे! आज मुलांच्या दप्तरात डझनभर वह्या, कंपासपेटीत सहा पेने, आणि पाठ करायचे दुसऱ्याचे.

एका शाळेचे नव्हे, साऱ्या शाळेचे काम

लेखन हे मराठीच्या शिक्षकाचे काम, ही समजूत आधी मोडली पाहिजे. इतिहासात ‘कारणे द्या’ लिहिताना, विज्ञानात निरीक्षण नोंदवताना, भूगोलात नदीकाठची वस्ती समजावताना, गणितात आपण हीच पायरी का घेतली ते सांगताना मूल लिहीतच असते. प्रत्येक विषयाचा शिक्षक त्या लेखनाला जबाबदार धरला गेला, तरच शाळेचे लेखनधोरण अस्तित्वात आले असे म्हणता येईल.

आपल्या लोकांना अमेरिकेचा दाखला दिल्याशिवाय पटत नाही, म्हणून तोही देऊ. न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील न्यू डॉर्प नावाची सरकारी शाळा २००८ च्या सुमारास निकालांत फार मागे पडली होती. मुले का नापास होतात याचा शिक्षकांनी शोध घेतला, तेव्हा आढळले की त्यांना वाचता येते, पण दोन विचार एका वाक्यात जोडता येत नाहीत. ‘जरी-तरी’ यांसारखी अव्यये त्यांच्या लेखनातून नाहीशीच होती. ज्यूडिथ हॉकमन या शिक्षिकेची पद्धत शाळेने स्वीकारली. जवळजवळ प्रत्येक विषयाच्या तासाला लेखन, आणि लेखनाची सुरुवात निबंधापासून न करता वाक्यापासून. एकच विधान द्यायचे आणि ते ‘कारण’, ‘परंतु’, ‘म्हणून’ या तिन्ही शब्दांनी पूर्ण करायला सांगायचे. राज्याच्या इंग्रजीच्या परीक्षेत २००९ मध्ये सदुसष्ट टक्के मुले उत्तीर्ण झाली होती; २०११ मध्ये एकोणनव्वद टक्के झाली. यात कोणतेही यंत्र नव्हते, अॅप नव्हते, सल्लागार कंपनीचे शुल्क भरून आणलेले ‘स्मार्ट’ फलक नव्हते.

ही युक्ती मराठीत जशीच्या तशी चालते. इयत्ता सातवी, इतिहास. ‘महाराज आग्र्याहून सुटले, कारण...’, ‘महाराज आग्र्याहून सुटले, परंतु...’, ‘महाराज आग्र्याहून सुटले, म्हणून...’ पहिले वाक्य पूर्ण करायला योजना माहीत हवी, दुसरे पूर्ण करायला त्या सुटकेनंतरही पुरंदरच्या तहात गेलेले किल्ले मोगलांकडेच होते हे आठवावे लागते, तिसऱ्यासाठी पुढील चार वर्षांचा विचार करावा लागतो. तीन वाक्ये, दहा मिनिटे. गाईडमध्ये याचे उत्तर सापडत नाही, कारण प्रत्येक मुलाचे वाक्य वेगळे येते.

विद्या भारतीच्या शाळांत अधीति, बोध, अभ्यास, प्रयोग आणि प्रसार ही पंचपदी रूढ आहे. पायाभूत स्तराच्या २०२२ च्या राष्ट्रीय आराखड्यानेही ‘पंचादी’ या नावाने ती घेतली, याचा अभिमान सर्वांना आहे. मात्र अभ्यास आणि प्रयोग या दोन पदांत लेखनाला नेमके स्थान काय, ते संस्थांनी लेखी ठरवायला हवे. किती शाळांच्या कार्यालयात असा कागद आहे? गणवेशाचा नियम लेखी आहे, उपस्थितीचा आहे, शुल्काचा तर आहेच आहे. लेखनाचा नाही.

तो कागद दोन पानांचाही पुरेल. आठवड्यातील एक तास संपूर्ण शाळेने एकाच वेळी लिहावे. पहिलीच्या मुलाने आणि मुख्याध्यापकांनीही. विषय मुलाच्या पंचक्रोशीतले असावेत. गावच्या बारवेचे पाणी कोणत्या साली आटले, आजोबांनी १९७२ चा दुष्काळ कसा काढला, जत्रेत पालखी कोणत्या वस्तीवरून जाते आणि कोणत्या वस्तीवरून जात नाही. मजकुराचा कच्चा खर्डा आधी, पक्का नंतर. खर्ड्यावर गुण नाहीत. वर्गात लिहिलेलेच ग्राह्य धरावे, घरून लिहून आणलेले नाही. ही अट आता टाळता येणार नाही, कारण २०२२ च्या अखेरीपासून मागाल तो निबंध मागाल त्या शैलीत क्षणार्धात लिहून देणारी यंत्रे घरोघरी पोहोचली आहेत आणि मराठीही ती बऱ्यापैकी लिहितात. गाईडचा व्यवसाय कदाचित ती बुडवतीलही. मुलाची बुद्धी मात्र दोन्हींत सारखीच निकामी होते.

चुकांविषयी दोन टोके टाळावी लागतील. एक टोक लाल शाईचे. लोकमान्यांच्या बालपणीची ‘संत’ शब्दाची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेला तो शब्द गुरुजींनी एके ठिकाणी बरोबर आणि दोन ठिकाणी चूक ठरवला आणि बाळ अडून बसला. आज तो अडून बसला असता तर पालकांना बोलावणे गेले असते. मुलाने मनातले पहिल्यांदा लिहिले आणि वही परत आली ती रक्तबंबाळ होऊन, तर ते पुन्हा कशाला मनातले लिहील? एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवावी. या महिन्यात ऱ्हस्व-दीर्घ, पुढच्या महिन्यात विरामचिन्हे. दुसरे टोक तथाकथित पुरोगाम्यांचे. प्रमाणभाषा ही मूठभरांची मिरास, शुद्धलेखन ही दडपशाही, मुलाने लिहिले ते सारे बरोबर, असे सांगणाऱ्या विद्वानांची स्वतःची मुले कोणत्या शाळेत जातात आणि तेथे कोणते व्याकरण शिकवले जाते, हे विचारावे. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक अठरा नियम १९६२ आणि १९७२ मध्ये ठरले. त्यांवर वाद असू शकतो. पण वाद घालण्याइतपत तरी ते वस्तीवरच्या मुलाच्या हाती द्याल की नाही? खर्डा वऱ्हाडीत, अहिराणीत, मालवणीत येऊ द्यावा. बोलीचा अभिमान धरावा. पक्क्या मजकुरात प्रमाण मराठी आली पाहिजे. तहसीलदाराकडे करायचा अर्ज, वृत्तपत्राला धाडायचे पत्र, स्पर्धापरीक्षेचा पेपर, या साऱ्यांची ती किल्ली आहे. ती गरिबाच्या मुलापासून लपवून ठेवण्याला समतेचे नाव देणे ही निव्वळ फसवणूक होय.

शिक्षकांची अडचण खोटी नाही. माध्यमिक शाळेत मराठीच्या शिक्षकाकडे चार तुकड्या आणि प्रत्येकीत पंचावन्न मुले धरली, तर दर आठवड्याला दोनशे वीस वह्या होतात. एका वहीला पाच मिनिटे दिली तरी अठरा तासांहून अधिक वेळ केवळ तपासण्यात जाईल. त्यावर निवडणुकीची कामे, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे. म्हणूनच हे ओझे एकट्याच्या माथी मारता येत नाही. सर्व विषयांच्या शिक्षकांनी ते वाटून घ्यावे, दर आठवड्यास वर्गातील चौथ्या हिश्श्याच्या वह्या बारकाईने पाहाव्यात, उरलेल्या मुलांनी एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवाव्यात. मोठ्याने वाचताना अडखळले की वाक्य कोठे बिघडले, ते मुलाला आपोआप कळते. ‘पाहिले’ असे लिहून सही करण्याची प्रथा मात्र तत्काळ बंद व्हावी. न वाचता ‘पाहिले’ लिहिणे हेही पुन्हा उतरवणेच.

संस्थाचालकांचे काय? शिक्षणसम्राटांकडून अपेक्षा नाही; त्यांना इमारतीच्या मजल्यांत आणि सेमी इंग्रजीच्या तुकड्यांत रस. परंतु ध्येयवादाने चालणाऱ्या संस्थांनीही पटसंख्येच्या भीतीने तोच मार्ग धरला आहे. सेमीच्या वर्गात मूल विज्ञान इंग्रजीत पाठ करते, इतिहास मराठीत पाठ करते आणि दोन्ही भाषांत मुके राहते. एके काळी प्रत्येक मराठी शाळेचे वार्षिक हस्तलिखित असे. चित्रे मुलांची, अक्षर मुलांचे, कविता मुलांच्या. संमेलनाच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते त्याचे प्रकाशन होई आणि एकच प्रत असल्याने ती पाहायला झुंबड उडे. व्हरांड्यात भित्तिपत्रक असे. आज गुळगुळीत कागदावरचा रंगीत अहवाल निघतो, आणि भित्तिपत्रकाच्या जागी उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या टक्केवारीचा फलक लागतो.

आपल्या घरात डोकावले तरी हेच चित्र दिसेल. दहा हजारांच्या सभेत तासभर ओघवते बोलणारे कार्यकर्ते आहेत. त्याच कार्यक्रमाचे दोन पानी वृत्त मागितले तर ‘उपस्थिती एकशे चाळीस, मातृशक्ती पस्तीस, कार्यक्रम उत्साहात संपन्न’ एवढ्यावर गाडी थांबते. सेवावस्तीतील अभ्यासिकेत वीस वर्षे घाम गाळलेल्या कार्यकर्त्याचा अनुभव त्याच्याबरोबरच विरून जातो, कारण त्याने तो लिहिला नाही. आणि वस्तीविषयीची पुस्तके मात्र जे तेथे चार दिवस राहिले ते लिहितात. पुढे तीच पुस्तके विद्यापीठांत संदर्भग्रंथ म्हणून लागतात. मग आपण निषेधाची पत्रके काढतो, तीही एकाच मसुद्यावरून, खाली शाखेगणिक नाव बदलून.

जूनमध्ये शाळा उघडतील. प्रवेशासाठी रांगा लागतील, पालक संगणककक्ष पाहतील, बसची सोय विचारतील, निकालाचा फलक वाचतील. त्यांपैकी प्रत्येकाने आणखी एक मागणी करावी. नववीच्या कोणत्याही तुकडीच्या इतिहासाच्या चार वह्या पाहू द्या, म्हणावे. चारही वह्यांत एकाच प्रश्नाचे उत्तर अक्षरशः एकच असेल, स्वल्पविरामही तेथेच असतील, तर मुख्याध्यापकांना त्याचे कारण विचारावे, आणि शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत तो विषय कार्यसूचीवर घेण्याची लेखी मागणी करावी. स्वतःच्या शब्दांत.